‘राईस बॅग’ म्हणणाऱ्या आपल्याच पोरांसाठी : नगरच्या ख्रिस्ती मंडळीचा इतिहास



गेल्या भीमजयंतीच्या तयारीची बैठक होती. नगर शहरातलीच एक वस्ती. नाव सांगत नाही, कारण हे आपल्या कुठल्याही वस्तीत घडू शकलं असतं. वर्गणी जमा होत होती. एका पोरानं पाचशे एक रुपये पुढे ठेवले. त्याचे आजोबा चर्चला जाणारे, आई-वडीलही चर्चला जाणारे. हा मात्र लहानपणापासून आपल्या मिरवणुकीत लेझीम खेळत आलेला. पावती फाडता फाडता एकानं हसत विचारलं, "काय रे, या महिन्यात तांदळाची पोती आली वाटतं?" मागून दुसरा ओरडला, "राईस बॅग!" सगळे हसले. तो पोरगाही हसला. पावती खिशात घातली आणि निघून गेला. १४ एप्रिलला तो मिरवणुकीत दिसला नाही.

आम्ही त्या बैठकीत होतो. हसलो नाही, पण बोललोही नाही. समाजशास्त्रात एम.ए. केलं, दहा वर्षं वस्तीत काम केलं, आणि नेमक्या वेळी तोंड उघडलं नाही. जे तेव्हा बोलायला हवं होतं ते आता लिहितो आहोत. ज्यांनी तो शब्द वापरला त्यांनी चिडून का होईना, शेवटपर्यंत वाचावं.

शब्द कुणाचा, तोंड कुणाचं?

‘राईस बॅग’ हा शब्द आपल्या चळवळीत जन्मला नाही. तो जन्मला त्यांच्या मोबाईलमध्ये, जे बाबासाहेबांबद्दल रात्री अकरानंतर काय काय लिहितात ते आपण रोज वाचतो. त्या शब्दात एक अख्खा सिद्धांत दडलेला आहे. तो असा, की अस्पृश्य माणसाला स्वतःचं डोकं नसतं. त्याला विवेक नसतो, फक्त पोट असतं. तो धर्म बदलतो म्हणजे कुणीतरी त्याला विकत घेतलेलं असतं.

आता हाच सिद्धांत १९५६ ला लावून बघा. १४ ऑक्टोबरला नागपुरात लाखो माणसं पांढरी वस्त्रं घालून उभी राहिली, तेव्हा हेच लोक काय म्हणत होते? अडाणी लोक आहेत, नेत्यामागं मेंढरासारखे गेले. म्हणजे आपलं धर्मांतर मेंढरांचं आणि त्यांचं धर्मांतर तांदळाचं. दोन्ही शिव्या एकाच टाकसाळीतल्या. त्यातली एक उचलून आपण आपल्याच चुलतभावाला मारतो, आणि टाकसाळवाला लांबून मजा बघतो.

चुलतभाऊ हा शब्द आम्ही अलंकार म्हणून वापरत नाही. नगर जिल्ह्यात फिरून बघा. गायकवाड इकडे बौद्ध आहेत, तिकडे ख्रिस्ती आहेत. साळवे, जाधव, शिंदे यांचंही तेच. आमच्या स्वतःच्या घरात आजीचा सख्खा भाऊ ख्रिस्ती होता. आजी बुद्धवंदना म्हणायची, तो नाताळला फराळाचं ताट पाठवायचा. दोघांनी पहिली अक्षरं गिरवली ती मात्र एकाच ठिकाणी, महारवाड्याजवळच्या मिशनच्या शाळेत. गावच्या शाळेत तेव्हा त्यांना दाराबाहेर बसवत होते.

१८३१ चं नगर

मग ही मंडळी आली कुठून? पंधराव्या शतकाच्या अखेरीस अहमद निजामशहानं वसवलेलं हे शहर. पुढे मोगलांकडे, मग मराठ्यांकडे, आणि १८०३ मध्ये किल्ला इंग्रजांकडे गेला. १८३१ साली अमेरिकन मराठी मिशनचे लोक मुंबईहून इथं आले. मुंबईत ते १८१३ पासून होते. १८३३ मध्ये नगरला त्यांनी पहिली मंडळी स्थापन केली. मराठी ख्रिस्ती लोक चर्चच्या इमारतीला देऊळ किंवा चर्च म्हणतात, आणि त्यात जमणाऱ्या माणसांना मंडळी म्हणतात. शब्द आपलाच, साधा, घरातला.

सुरुवातीची मंडळी अगदी लहान होती. तिच्यात शहरातल्या आश्रितगृहातली गोरगरीब माणसं होती, ज्यांच्याकडे शहरानं पाठ फिरवली होती. मग ब्राह्मण आले. हरिपंत खिस्ती यांचा बाप्तिस्मा १८३९ चा. १८५४ मध्ये हरिपंत आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळक म्हणून दीक्षा मिळाली. पुढे १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक नगरला आले, इथल्या धर्मशिक्षणाच्या संस्थेत शिकवू लागले. लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिलं, आणि सोवळं सोडणं एका ब्राह्मण बाईला किती जड गेलं ते प्रामाणिकपणे सांगितलं. या लोकांबद्दल आमच्या मनात आदर आहे. जात सोडताना त्यांनी घर, वतन, नातीगोती गमावली.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. नगरच्या ख्रिस्ती समाजाचा इतिहास म्हटलं की पाठ्यपुस्तकात, व्याख्यानमालेत, साहित्य संमेलनात हीच नावं येतात. हरिपंत, रामकृष्णपंत, टिळक, लक्ष्मीबाई. ज्यांच्यामुळं मंडळी खरोखर मोठी झाली ते लोक नेवासा, राहुरी, पारनेर, शेवगावच्या महारवाड्यांतले आणि मांगवाड्यांतले होते. त्यांची नावं बाप्तिस्म्याच्या वह्यांत आहेत, पुस्तकांत नाहीत. म्हणजे इतिहास लिहितानासुद्धा वर्णव्यवस्था शाबूत राहिली. पंतांना चरित्र मिळालं, महाराला आकडा मिळाला.

अक्षरं कुणी दिली?

आता आपल्या पोरांना थेट विचारतो. सावित्रीमाईंचा फोटो तुमच्या डीपीला आहे. माईंनी शिक्षिकेचं प्रशिक्षण कुठं कुठं घेतलं? त्यातलं एक ठिकाण नगर. सिंथिया फरार नावाच्या अमेरिकन बाईंकडे. या बाई १८२७ मध्ये मुंबईत आल्या, १८३९ पासून नगरला मुलींच्या शाळा चालवत राहिल्या आणि १८६२ मध्ये इथंच वारल्या. जोतिरावांनी त्यांच्या शाळा नगरला येऊन पाहिल्या होत्या, आणि मुलींची शाळा काढण्याच्या आपल्या निर्णयामागं ही पाहणी होती, हे त्यांनी स्वतःच सांगून ठेवलेलं आहे. मागच्या पिढीनं हे लपवलं नाही. मग आपण ते विसरायचं कारण काय?

आणखी एक. मुक्ता साळवे. मांग समाजातली, जोतिराव-सावित्रीमाईंच्या पुण्याच्या शाळेतली मुलगी. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध आपण दर ३ जानेवारीला स्टेजवरून वाचतो. तो छापला कुणी? १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’नं. पेशवाई बुडून चाळीस वर्षंही झाली नव्हती. अशा काळात एका मांगाच्या पोरीचं लिखाण छापायला जे पत्र तयार झालं, ते अमेरिकन मिशननं १८४२ मध्ये याच नगर शहरात सुरू केलेलं होतं. त्याच सुमारास, १८५६ मध्ये, धारवाडच्या सरकारी शाळेनं एका महार मुलाला प्रवेश नाकारला होता. सरकारची शाळा बंद, धर्ममार्तंडांची पाठशाळा बंद. उघडी कोणती होती ते इतिहासाला विचारा.

म्हणून ‘राईस बॅग’ म्हणण्याआधी एवढं करा. आपल्या घरात पहिलं अक्षर कोणत्या दारातून आलं, ते आजोबांना विचारा. ते हयात नसतील तर जुना शाळा सोडल्याचा दाखला काढा. बऱ्याच घरांत उत्तर मिशनच्या शाळेपाशी जाऊन थांबेल.

भाकरीचा आरोप

हो, दुष्काळात लोक चर्चकडे गेले. १८७६ ते १८७८ चा दुष्काळ, १८९६-९७ चा, आणि १८९९-१९०० चा. नगर हा तर कायमचा दुष्काळी जिल्हा. मिशननं अनाथ मुलं ठेवून घेतली, कामं काढली, धान्य वाटलं. रॉबर्ट ह्यूम यांना दुष्काळी कामाबद्दल कैसर-ए-हिंद पदकही मिळालं. भुकेलेला माणूस अन्न असेल तिकडे गेला, यात लाजेचं काय आहे? लाज वाटायची असेल तर ती त्या गावाला वाटावी, ज्याच्या पेवात धान्य होतं आणि ज्याच्या विहिरीवर महाराला पाणी नव्हतं.

आणि भाकरीसाठी गेलेला माणूस दुष्काळ संपल्यावर परत का आला नाही? पाऊस पडला, पेरण्या झाल्या, मिशनचं धान्य थांबलं, तरी लोक टिकले. कारण धर्म बदलल्याची किंमत त्यांना रोज मोजावी लागत होती. महाराचं बलुतं गावाच्या मर्जीवर चालायचं. ख्रिस्ती झाल्यावर प्रश्न उभे राहिले. मेलेलं ढोर ओढायचं की नाही? जत्रेत देवीपुढं वाजवायचं की नाही? रविवारी वेसकरीला जायचं की प्रार्थनेला? यातलं एक काम नाकारलं तरी गाव भाकर बंद करू शकत होतं. ज्यानं भाकरीसाठी धर्म बदलला असं आपण म्हणतो, त्यानं त्याच धर्मापायी गावची भाकर पणाला लावली होती.

बाबासाहेबांनी १ जानेवारी १९३८ ला सोलापुरात ख्रिस्ती लोकांपुढं भाषण केलं. त्यात त्यांनी हाही मुद्दा मांडला, की महाराचा मुलगा ख्रिस्ती झाला तर त्याची शिष्यवृत्ती जाते, तेव्हा पैशाच्या दृष्टीनं ख्रिस्ती होण्यात फायदा नाही. १९३८ मध्ये खुद्द बाबासाहेब हे सांगत होते. त्यांचेच अनुयायी म्हणवणारे आपण आज उलटं सांगतो.

पण चर्चनं जात मोडली का?

इथवर वाचून आमचे ख्रिस्ती मित्र खूश झाले असतील. आता त्यांनीही ऐकावं.

प्रभुभोजनाच्या वेळी एका भाकरीचे तुकडे आणि एकच प्याला फिरायचा. त्या काळात ब्राह्मणानं आणि महारानं एका प्याल्याला ओठ लावणं ही क्रांतीच होती. पण प्याला रविवारी फिरायचा, सोयरीक सोमवारी ठरायची. महार ख्रिस्ती महार ख्रिस्त्यातच मुलगी देत राहिला, मांग ख्रिस्ती मांग ख्रिस्त्यातच. आजही नगरच्या कुठल्याही ख्रिस्ती घरात लग्नाची बोलणी सुरू असताना शेजारी बसा. ‘आपल्यातलेच आहेत ना?’ हा प्रश्न येतोच, आणि त्यातलं ‘आपल्यातले’ म्हणजे ख्रिस्ती नव्हे हे घरातल्या लहान पोरालाही कळतं. बाबासाहेबांनी जातीचा प्राण रोटीबंदीपेक्षा बेटीबंदीत आहे हे दाखवून दिलं. त्या कसोटीवर चर्च नापास आहे. खरं सांगायचं तर आपले बुद्धविहारही त्या कसोटीवर पहिल्या वर्गात पास झालेले नाहीत.

दुसरी गोष्ट शिक्षणाची. १८५४-५५ मध्ये अमेरिकेहून मिशनच्या वरिष्ठांचं शिष्टमंडळ आलं. रूफस अँडरसन त्यात होते. धोरण बदललं. इंग्रजी शाळांना कात्री लागली, भर गावोगावच्या मराठी शाळांवर आणि छोट्या मंडळ्यांवर दिला गेला. त्याचा एक परिणाम चांगला झाला. शाळा महारवाड्यापर्यंत पोचली, आणि मंडळ्यांत महारांची संख्या वाढली. पण दुसरा परिणाम बघा. महाराच्या पोरानं बायबल वाचण्याइतकं मराठी शिकावं, गावात उपदेशक व्हावं, इतकीच त्याच्याबद्दलची कल्पना होती. इंग्रजी ही सत्तेची भाषा, ती त्याच्या हाती लागण्याची घाई कुणालाच नव्हती. पुढं हायस्कुलं निघाली, ती सगळ्यांसाठी उघडली, हेही खरं. १९४७ मध्ये डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी अहमदनगर कॉलेज काढलं, आणि जिल्ह्यातल्या सर्व जातीधर्मांच्या हजारो पोरांना पदवीचा रस्ता घराजवळ मिळाला. पण मधल्या नव्वद वर्षांचं काय?

तिसरी गोष्ट सर्वात महत्त्वाची. ख्रिस्ती होऊन शिकलेला महार शिक्षक झाला, पाळक झाला, नर्स झाली, कंपाउंडर झाला. पण महाडला किती आले? नाशिकला काळारामाच्या दारात किती उभे राहिले? १३ ऑक्टोबर १९३५ ला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली ती येवल्यात, नगर जिल्ह्याच्या वेशीवर. तिथल्या गर्जनेनं नगरच्या मंडळ्यांत किती खिडक्या उघडल्या? बाबासाहेबांनी सोलापूरला तोंडावर सांगितलं, की भारतीय ख्रिस्ती समाजानं सामाजिक अन्यायाविरुद्ध लढा दिलेला नाही. त्यांच्या निधनानंतर बऱ्याच वर्षांनी इंग्रजी खंडांत प्रकाशित झालेल्या धर्मांतरितांविषयीच्या लिखाणातही हाच सवाल आहे. शिकलेला ख्रिस्ती आपल्या मागं राहिलेल्या माणसांसाठी का बोलत नाही? हा सवाल द्वेषातून आलेला नव्हता. त्याच सोलापुरात त्यांनी बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तिमत्त्वांनी आपल्या मनाची पकड घेतल्याचं सांगितलं होतं. आपलेपणा असल्याशिवाय माणूस इतकं कडू बोलत नाही.

तेव्हा ख्रिस्ती बांधवांनो, ‘आमच्यात जात नाही’ हे वाक्य कृपा करून सोडा. तुमच्यात जात नसती तर मुलीच्या शाळाप्रवेशाच्या वेळी, नोकरीच्या अर्जाच्या वेळी आणि कोर्टाच्या दारात तुम्हाला ती आठवली नसती. रविवारी नाकारलेली जात सोमवारी मागता येत नाही. आधी मोठ्यानं म्हणा, की चर्चमध्ये गेलो तरी जात आमच्या मागं आली, आणि चर्चनं तिला दारात अडवलं नाही. हे म्हटल्यावरच पुढची लढाई सुरू होईल.

१९५० चा कागद

ही लढाई कोणती, ते आपल्या पोरांना माहीत असायला हवं. १० ऑगस्ट १९५० ला राष्ट्रपतींच्या सहीनं अनुसूचित जातींचा आदेश निघाला. त्यातल्या तिसऱ्या परिच्छेदानं ठरवलं, की हिंदू धर्म न मानणारा माणूस अनुसूचित जातीचा समजला जाणार नाही. म्हणजे जो माणूस परवापर्यंत विहिरीवर चढू शकत नव्हता, तो येशूचं नाव घेताच कागदावर स्पृश्य झाला. विहीर मात्र त्याला तशीच बंद राहिली. १९५६ मध्ये शिखांची भर पडली. मग आपण.

इथं जरा थांबा. आपण कधी? १९९० मध्ये. १९५६ ते १९९० अशी चौतीस वर्षं केंद्राच्या दृष्टीनं बौद्ध माणूस अनुसूचित जातीत नव्हता. ‘धर्म सोडलात ना, मग जात कसली मागता?’ हा प्रश्न चौतीस वर्षं आपल्याला विचारला गेला. आपल्या बापजाद्यांनी मोर्चे काढले, निवेदनं दिली. कित्येकांनी मनात बुद्ध ठेवून कागदावर ‘हिंदू-महार’ लिहिलं आणि त्या दोन शब्दांची लाज आयुष्यभर बाळगली. ती चौतीस वर्षं आपल्या आठवणीतून गेली कशी? आज तोच प्रश्न ख्रिस्ती भावाला विचारताना आपली जीभ अडखळत का नाही?

१९८५ चा सूसाई खटला वाचा. मद्रासच्या रस्त्यावर चपला शिवणारा माणूस. सरकारनं अनुसूचित जातीच्या चर्मकारांना फुकट टपऱ्या दिल्या. याला मिळाली नाही, कारण तो ख्रिस्ती. तोच रस्ता, तोच धंदा, तीच आरी. सुप्रीम कोर्टानं सांगितलं, की धर्म बदलल्यावरही जातीचं मागासलेपण तितकंच राहतं याचा पुरेसा पुरावा पुढं आलेला नाही. २००७ मध्ये न्यायमूर्ती रंगनाथ मिश्रा आयोगानं अनुसूचित जातीचा दर्जा धर्मापासून मोकळा करा अशी शिफारस केली. ती फाईल पडून आहे. २०२२ मध्ये न्यायमूर्ती बालकृष्णन आयोग नेमला, आणि त्याला मुदतवाढी मिळत गेल्या.

खेडं मात्र आयोगाची वाट बघत नाही. सोनई आणि खर्डा ही नावं याच नगर जिल्ह्यातली आहेत. २०१३ आणि २०१४ मध्ये तिथं जातीनं माणसं मारली. मारणाऱ्यांनी तुमचा देव कोणता हे विचारलं नव्हतं. जातीची शिवी देणारा आधी बाप्तिस्म्याचा दाखला बघत नाही.

‘आपला वाटा कमी होईल’

आता खरा मुद्दा. बैठकीत ‘राईस बॅग’ म्हणून हसणाऱ्या पोराच्या पोटात भीती आहे. एमपीएससीच्या जागा निघत नाहीत, निघाल्या तर कंत्राटी निघतात, आणि त्यात हे नवे वाटेकरी. आम्ही या भीतीची चेष्टा करणार नाही. पाच वर्षं अभ्यासिकेत बसून पोरं म्हातारी होताना आम्ही रोज बघतो.

पण तुझ्या जागा कुणी खाल्ल्या रे? चर्चमधल्या आत्याच्या पोरानं? की खाजगीकरणानं, बाह्यस्रोतानं आणि वर्षानुवर्षं न भरलेल्या अनुशेषानं? पन्नास टक्क्यांची मर्यादा म्हणजे जणू दगडावरची रेघ, असं आपल्याला कायम सांगितलं गेलं. २०१९ मध्ये सवर्णांतल्या आर्थिक दुर्बलांसाठी दहा टक्के आणताना ती रेघ एका आठवड्यात पुसली, आणि २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं ते मान्यही केलं. मग दलित ख्रिस्ती आणि दलित मुस्लिम आत येताना त्यांच्या लोकसंख्येइतका कोटा वाढवून द्या, ही मागणी अशक्य कशी? आपली मागणी हीच असली पाहिजे: दर्जा द्या आणि त्या प्रमाणात टक्काही वाढवा. त्यांना आत घेऊन आपल्यात भांडणं लावायची, किंवा बाहेर ठेवून आपल्यात भांडणं लावायची, असे दोनच पर्याय सत्ताधारी पुढं ठेवतील. तिसरा पर्याय आपणच मांडायचा आहे.

शिवाय ‘मुक्ती कोन पथे?’ पुन्हा वाचा. १९३६ मध्ये बाबासाहेबांना हाच प्रश्न विचारला गेला होता, की धर्म बदलला तर राजकीय हक्कांचं काय? घाबरू नका, तुम्ही जाल तिकडे तुमचे हक्क तुमच्याबरोबर येतील, असं त्यांच्या उत्तराचं सार होतं. हक्क माणसाबरोबर चालले पाहिजेत, देवळाबरोबर नव्हे. १९५० च्या आदेशातला तिसरा परिच्छेद या विचाराच्या बरोबर उलट आहे. बाबासाहेबांचं नाव घेऊन त्या परिच्छेदाची राखण करणं आपल्याला शोभत नाही.

बदललेलं शहर

आज नगर पूर्वीचं राहिलेलं नाही. दौंड-मनमाड रेल्वे आली, छावणी वाढली, साखर कारखाने आले, एमआयडीसी आली. मंडळ्यांतली शिकलेली पोरं पुणे-मुंबईकडे गेली. १९७० मध्ये नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली, परदेशी मिशनरी हळूहळू परत गेले. मागं राहिले ट्रस्ट, शाळा, दवाखाने आणि शहराच्या मधोमध आलेल्या जमिनी. ज्या जमिनीवर दुष्काळातली अनाथ लेकरं वाढली, तिला आज चौरस फुटाचा भाव आहे. २०२४ मध्ये शहराचं नावही बदललं, अहिल्यानगर झालं. नावं बदलतात, सातबारे बदलतात. मंडळीतल्या मोलकरणीच्या, सफाई कामगाराच्या, रिक्षावाल्याच्या घरातलं काय बदललं?

ख्रिस्ती तरुणांनो, विश्वस्तांना हे विचारा. मिशनच्या जमिनी कुणाच्या घामावर उभ्या राहिल्या आणि आज त्यांचा हिशेब कुणाकडे आहे? मिशनच्या नावानं चालणाऱ्या शाळांत तुमच्या वस्तीतल्या पोराला फी परवडते का? हे विचारलं की तुम्हाला फुटीर म्हणतील. आम्हालाही म्हणतात. सवय होते.

आणि आपल्या पोरांनो, तुम्ही आम्हाला हे विचारा. विहाराच्या जागेचा हिशेब कोण देतो? जयंतीच्या वर्गणीतून डीजेला किती गेले आणि अभ्यासिकेला किती? दुसऱ्याच्या चर्चचा हिशेब मागणाऱ्यानं आपली वही उघडी ठेवली पाहिजे.

आम्ही बौद्ध आहोत आणि बौद्धच राहणार. बाबासाहेबांनी एकवीस वर्षं विचार करून धम्म निवडला. ख्रिस्ती धर्मात ईश्वर आहे, कृपा आहे, वरून येणारी क्षमा आहे. आम्हाला ते पटत नाही, आणि यावर आम्ही ख्रिस्ती भावाशी रात्रभर वाद घालू. पण वाद बरोबरीच्या माणसाशी घालायचा असतो. ज्याला आधीच पोत्यात भरलं, त्याच्याशी वाद कसला?

त्या पोराच्या घरी आम्ही गेल्या महिन्यात गेलो. माफी मागितली. त्याच्या आजीनं चहा दिला, भिंतीवर एका बाजूला येशू, दुसऱ्या बाजूला बाबासाहेब. आजी म्हणाली, "हा फोटो याच्या आजोबानं मुंबईहून आणला होता. आम्ही काही काढला नाही." पोरगा गप्प होता. पुढच्या जयंतीला येशील का, असं आम्ही विचारलं. तो म्हणाला, "बघू."

त्याचं ‘बघू’ आपण कमावलेलं आहे. त्याचं ‘हो’ सुद्धा आपल्यालाच कमवावं लागेल. पुढच्या बैठकीत तो शब्द पुन्हा निघाला तर आम्ही गप्प बसणार नाही. तुम्ही बसणार आहात का, ते तुम्ही ठरवा.

जय भीम. नमो बुद्धाय.